हाक आणि हाकारा

मराठी भाषेतील ‘हाक’ हा शब्द मोठा मौजेचा आहे. माणसाला आपण हाक मारतो ती त्याने जवळ यावे म्हणून. पण गुरे हाकतो, पाखरे हाकतो, ती त्यांनी दूर जावे म्हणून. पूर्वी संस्थानिकांच्या शिकारीत रान उठविण्यासाठी शे-पन्नास माणसे डबे बडवीत, आरोळ्या ठोकीत ओळीने निघत. त्याला हाकारा म्हणत. हाकाऱ्याला भ्यालेले जनावर पुढे पळे, आणि ज्या दिशेला ते जीव वाचविण्यासाठी पळे, नेमके त्याच दिशेला कोणी तरी बंदूक रोखून बसलेले असे. म्हणजे दूर घालविणे आणि जवळ बोलाविणे ही दोन्ही कामे एकाच आरोळीने साधत. या शब्दांचे मूळ कोणते, त्यांचे परस्परांशी नाते काय, हे भाषापंडितांनी सांगावे. मला त्यांचा विचार करणे भाग पडले ते आमच्या शेतावर आलेल्या एका पेटीमुळे.

मच्छे हे बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे गाव. एका अंगाला औद्योगिक वसाहतीचे कारखाने आणि विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार. दुसऱ्या अंगाला भात, ऊस, भुईमूग आणि रताळी. तसेच पुढे नैर्ऋत्येकडे सरकत गेले, की माळ संपून खानापूर तालुक्यातील झाडी सुरू होते, आणि ती थेट भीमगडच्या अभयारण्याला जाऊन भिडते. २०११ साली त्या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. नकाशावर रान कोठे संपते आणि शेत कोठे सुरू होते हे स्पष्ट दिसते. रानडुकराला मात्र नकाशा वाचता येत नाही. त्यातून रताळ्यासारखा जिन्नस जमिनीत गोड होऊन बसला असेल, तर त्याचा वास त्याला फार लांबून लागतो. डुकराची दृष्टी अधू, पण नाक आणि कान अतिशय तिखट. एका रात्रीत दहा-बारा डुकरांचा कळप वरंब्यामागून वरंबा असा उकरीत जातो, की सकाळी पाहणाऱ्याला वाटावे, कोणी अडाण्याने नांगर धरला होता! खाल्लेल्यापेक्षा तुडविलेले अधिक असते, आणि शेतकऱ्याच्या मनाला लागते ते तुडविलेले.

आमचे आप्पा वयाची सत्तरी उलटेपर्यंत हंगामात रोज रात्री माळ्यावर राखणीला जात. चार खांबांवर बांधलेला माळा, वर पाचटाचे छप्पर, हाताशी गोफण, एक पत्र्याचा डबा आणि एक घोंगडे, एवढी त्यांची सामग्री. पुढे गुडघे दुखू लागले आणि माळ्याची शिडी चढवेना. थोरले दादा दिवसा कारखान्यात कामाला जात. पाळी संपवून आलेल्या माणसाने पुन्हा रात्र जागून काढावी, हे किती दिवस चालणार? तेव्हा दादांनी ती पेटी आणली.

पेटी म्हणजे एक लहानसा डबा. त्याच्या माथ्यावर उन्हावर वीज तयार करणारी काळी पट्टी, पोटात बारा व्होल्टची बॅटरी, आणि बाजूला जत्रेतल्या ध्वनिवर्धकाला असतो तसा, पण आकाराने धाकटा, एक भोंगा. नखाएवढ्या मेमरी कार्डावर वीस-बावीस आवाज साठविलेले. त्यात वाघाची डरकाळी होती, कुत्र्यांचा कल्ला होता, बंदुकीचे बार होते, फटाके होते, पत्र्याचे डबे होते. सिंहाची गर्जनाही होती. ती कशासाठी, हे देव जाणे, कारण आमच्या भागातील डुकरांच्या कित्येक पिढ्यांनी सिंह पाहिलेला नाही. एका फितीत कोणी तरी हिंदी भाषेतून मोठमोठ्याने ओरडत होता. “मच्छ्याच्या डुकरास्नी हिंदी कळतंय काय रे?” असा प्रश्न आप्पांनी विचारला, आणि पेटीविषयी त्यांचे मत काय आहे ते घरातल्या सर्वांना कळून चुकले.

आवाज कोणता निवडावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. दादांनी प्रथम अर्थातच वाघ निवडला. पहिल्या रात्री डरकाळी फुटली आणि डुकरे आली नाहीत. परंतु शेजारच्या शेतातील गोठ्यात बांधलेल्या दोन म्हशींनी दावी तोडली, आणि सकाळी त्यांनी नेहमीच्या निम्मेही दूध दिले नाही. शेजाऱ्यांनी येऊन जे सांगितले ते या मासिकात छापण्याजोगे नाही. मग कुत्र्यांचा कल्ला लावून पाहिला. त्याला उत्तर म्हणून गावातील यच्चयावत कुत्री पहाटेपर्यंत भुंकत राहिली. शेवटी फटाके आणि डबे यांवर तडजोड झाली.

आठवडाभर शेत सुखरूप राहिले. आठव्या रात्री डुकरे बांधापर्यंत आली, उभी राहिली, आणि परत गेली. दहाव्या रात्री त्यांनी भोंग्यापासून पन्नास पावलांवरचा वरंबा उकरला. पेटी दर वीस मिनिटांनी, ठरल्या क्रमाने, एकाच कोपऱ्यातून ओरडत होती. तीत जीव नाही, तिच्या मागोमाग दगड येत नाही, माणूस धावत येत नाही, हे त्या कळपाने नऊ रात्रींत ओळखले होते. ‘लांडगा आला रे आला’ म्हणून गावाला फसविणाऱ्या पोराची गोष्ट आपण दुसरीतल्या मुलांना सांगतो. गावकऱ्यांना त्या पोराचे खोटे कळायला जितका वेळ लागला, त्याहून डुकरांना फारसा अधिक लागला नाही.

दादा चिकाटीचे. त्यांनी पेटीची कळ फिरवून आवाजांतील अंतर अनियमित केले. कधी सात मिनिटे, कधी चाळीस. दर दोन दिवसांनी भोंग्याची जागा बदलली. पूर्वी तो उंच बांबूवर होता. तो खाली, डुकराच्या कानाच्या उंचीला आणला. यात शास्त्र आहे. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले, की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. उसासारख्या दाट पिकात पाने बारीक, तीक्ष्ण आवाज गिळून टाकतात आणि जाडा आवाज तेवढा पुढे जातो. उलट थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, तेव्हा आवाज वर निसटून न जाता खाली वळतो आणि फार लांबवर ऐकू येतो. म्हणून दिवसा हलका वाटणारा भोंगा मध्यरात्री शेजारच्या वाडीला उठवितो. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धकावर बंधन घालणारे २००० सालचे नियम आहेत, त्यांचेही भान ठेवावे लागते. दादांनी आवाज पिकाच्या कडेपुरता ठेवला, आणि आठवड्यातून दोन रात्री ते स्वतः विजेरी घेऊन बांधावर जाऊ लागले, म्हणजे भोंग्याच्या धमकीला अधूनमधून माणसाची साक्ष मिळावी. एवढे केल्यावर रताळी बरीच वाचली. सगळी वाचली असे मी म्हणणार नाही.

येथवर ही एका पेटीची साधी हकीकत आहे. पण त्याच दिवसांत एका संध्याकाळी गावातील एक तरुण आमच्या सोप्यात येऊन बसला. त्याच्या आईने चार शेळ्या पाळल्या होत्या. त्यांच्या दुधावर आणि करडांवर त्या घराचा मोठा आधार. महिन्याभरात दोन करडे नाहीशी झाली होती. एकाचे पाय आणि थोडी कातडी ओढ्याच्या काठी सापडली. हे कोल्ह्याचे काम, असे त्याने ठरविले होते.

“आप्पा, तुमचा भोंगा दोन राती द्या की,” तो म्हणाला.

“तुझ्या शेतात रताळी न्हाईत. कशाला पाहिजे?”

त्याने मोबाईल काढून त्यावरचा एक आवाज लावला. एक करडू ओरडत होते. भुकेने नव्हे, आईसाठी नव्हे. कशात तरी पाय अडकून जिवाच्या आकांताने ओरडावे तसे ते ओरडत होते. स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. मागच्या परड्यात बांधलेली आमची शेळी दावे ताणून उभी राहिली आणि ओरडू लागली. तरुणाचे म्हणणे असे, की हा आवाज भोंग्यातून ओढ्याकाठी लावायचा, आपण तीस-चाळीस पावलांवर वाऱ्याच्या खालच्या बाजूला दडून बसायचे. कोल्हा पंधरा मिनिटांत येतो. पाहुण्यांकडे बंदूक होती. अमेरिकेत सगळे असेच करतात, हे त्याने चित्रफितींत पाहिले होते.

त्याने पाहिले होते ते खरे होते. अमेरिकेत कायोटी नावाचा, कोल्ह्याहून मोठा आणि लांडग्याहून लहान असा एक प्राणी आहे. मेंढपाळांचा तो शत्रू. त्याला हाक मारून जवळ आणण्याची कला तेथे पूर्वीपासून आहे. आरंभी लाकडी पिपाणी तोंडात धरून जखमी सशाचा आवाज काढीत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात तो आवाज ग्रामोफोनच्या तबकडीवर आला, मग ध्वनिफितीवर, आणि आता हातातल्या कळीने दुरून चालविता येणाऱ्या यंत्रात शेकडो आवाज भरलेले असतात. त्याचेही एक शास्त्र तेथील शिकाऱ्यांनी बसविले आहे. ज्या भागात ससे असतील तेथे सशाचा आवाज, हरणे असतील तेथे पाडसाचा. भोंगा आपल्यापासून दूर ठेवावा, कारण येणारा प्राणी आवाजाच्या उगमाकडेच डोळे लावून येतो. आरंभी आवाज हलका असावा. जवळच कोणी असेल तर तो एकदम मोठ्या आवाजाने बिथरतो. सरळ न येता तो वाऱ्याच्या खालच्या अंगाने वळसा घालून येतो आणि आधी वास घेतो, म्हणून बसण्याची जागा ठरविताना वाऱ्याकडे पाहावे. आणि एका जागी तोच आवाज पुन्हा पुन्हा लावू नये, कारण जे एकदा फसून वाचले ते शहाणे होते. आमच्या डुकरांनी जे दादांना शिकविले, तेच कायोटीने त्या शिकाऱ्यांना शिकविले म्हणायचे! तथापि त्या देशातही सगळ्यालाच मोकळीक नाही. बदके आणि हंस यांसारख्या ऋतूंबरोबर स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांची शिकार करताना ध्वनिमुद्रित हाक वापरण्यास तेथील केंद्रीय नियमांनी सामान्यतः बंदी आहे. यंत्राचा गळा थकत नाही, आणि थव्याला त्यापुढे निभाव लागत नाही.

पण खोट्या हाकेचे शास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेला जाण्याची गरज ती काय? मारीचाला ते उत्तम अवगत होते. बाण लागून पडताना त्याने रामाच्या आवाजात सीतेला आणि लक्ष्मणाला हाक मारली, आणि पर्णकुटी उघडी पडली. सुवर्णमृगाचे रूप जेथे पुरे पडले नाही, तेथे संकटात सापडलेल्याचा आवाज पुरला. पंचतंत्रातला निळा कोल्हा आठवा. रंगाच्या बळावर तो वनाचा राजा झाला होता. दूर रानात इतर कोल्ह्यांची कोल्हेकुई उठताच त्याला राहवेना, त्यानेही तोंड वर करून सूर मिळविला आणि राज्याला मुकला. गोष्टकाराने हे रानात ऐकल्यावाचून लिहिले नसणार. तिन्हीसांजेला एका टोळीने सूर लावला, की दुसरीने ओ दिल्यावाचून राहू नये, हा कोल्ह्याचा जातिधर्मच आहे. आमच्याकडील फासेपारधी पाळलेला तित्तर पिंजऱ्यात घालून माळावर नेत. त्याची साद ऐकून रानातला तित्तर भांडायला धावून येई आणि भोवती लावलेल्या फाशांत अडके. या लोकांना प्राण्यांच्या बोलीचे जेवढे ज्ञान होते तेवढे मोठमोठ्या ग्रंथांतही नसेल. पण १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने सबंध जमातींनाच गुन्हेगार ठरविण्याची जी प्रथा पाडली, तिच्या कचाट्यात तेही सापडले, आणि तो शिक्का पुसायला १९५२ साल उजाडावे लागले.

या विद्येचे सर्वांत थरारक उदाहरण जिम कॉर्बेट यांचे. १९३८ च्या नोव्हेंबर अखेरीस कुमाऊंमधील ठाक गावच्या परिसरात एक नरभक्षक वाघीण माणसे मारीत होती. ती जोडीदाराच्या शोधात साद घालीत फिरत आहे हे कॉर्बेट यांनी ओळखले, आणि एका कलत्या संध्याकाळी स्वतःच्या गळ्यातून नर वाघाची साद काढून तिला उत्तर दिले. ती उत्तर देत देत जवळ आली, आणि शेवटच्या उजेडात त्यांनी तिला मारले. तेथे यंत्र नव्हते. चुकले असते तर हाक मारणाराच मेला असता. तिने माणसे मारली होती, तिला थांबविणे प्राप्त होते, हे मान्य. तरीही ती गोष्ट वाचताना माझ्या मनात प्रत्येक वेळी एक काटा राहतो. वाघीण भक्ष्यावर झेप घेताना मेली नाही. ती ओ देताना मेली.

आमच्याकडील जुनी माणसे सांगत, की रात्री बाहेरून कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, तिसऱ्या हाकेपर्यंत थांबावे. लहानपणी त्या गोष्टीने अंगावर शहारा येई. रानातल्या जनावराला असा सल्ला देणारे कोणी नसते. करडाचा आक्रोश ऐकून कोल्हा येतो तो दुष्टपणाने नव्हे. अडचणीत सापडलेले भक्ष्य म्हणजे कमी कष्टात पोट भरणे, एवढाच त्याचा अर्थ त्याला ठाऊक. आणि तोच आवाज ऐकून शेळी धावते, कारण तिला त्यात लेकरू ऐकू येते. शेळीला आपल्या करडाचा आवाज अवघ्या काही दिवसांत ओळखता येतो, हे आता प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. आमच्या शेळीचे करडू तेव्हा तिच्या पायांशीच उभे होते. तरी ती ओरडत राहिली.

आप्पांनी त्या तरुणाला मोबाईल बंद करायला लावला. ते फार शिकलेले नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला, त्याच्या नवव्या कलमाने शिकारीला बंदी आहे, हे मी त्याला सांगितले. त्या कायद्याच्या व्याख्येत ‘शिकार’ म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे. सापळा लावणे, फासे मांडणे, हाकून आणणे, आमिष दाखविणे, आणि यांपैकी कशाचा नुसता प्रयत्न करणे, हे सारे त्यात येते, हेही सांगितले. त्याने मान डोलावली. पण कायद्याचे कलम ऐकून ज्याची करडे गेली आहेत त्याचे समाधान होत नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. मग आप्पा बोलले.

“तू कोल्ह्याला हाक मारणार. पण येणार कोण, हे तुला कुठं ठाव हाय? ह्या हाकेत नाव नाही. कोल्हा येईल, कुत्री येतील, बिबट्या आला तर? अंधारात तू त्याच्या आणि करडाच्या मधी बसलेला.”

तरुण गप्प राहिला.

“आणि कोल्हाच आला असं धर. ज्यानं तुझी करडं खाल्ली तोच आला हे कशावरून? उसातले उंदीर खाऊन राहणारा एखादा गरीब आला, आणि त्याला मारलंस, तर करडं खाणारा तसाच राहिला की रे!”

यापेक्षा नेमका युक्तिवाद मी कोणत्या पुस्तकात वाचलेला नाही. हाक सर्वांना असते, आणि गोळी ज्याने ओ दिली त्याला लागते. मी त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर याचाच विचार करीत होतो. कायद्यात काय आहे हे सांगून मी मोकळा झालो होतो; कायदा तसा का असावा, ते आप्पांनी सांगितले.

दुसऱ्या दिवशी दादा आणि तो तरुण मिळून त्याच्या घरामागचा शेळ्यांचा कूड नव्याने बांधायला बसले. खालच्या बाजूला कुडाला वीतभर फट होती. तेथे दगड रचून माती लिंपली, दाराला आतून कडी बसविली, वर जाळी ओढली. दोन दिवस गेले. त्यानंतर करडू गेले नाही. करडे कोल्ह्याने नेली होती की गावच्या मोकाट कुत्र्यांनी, हे मात्र कळले नाही ते नाहीच. माझा संशय कुत्र्यांवर आहे.

बिबट्याचे नाव आप्पांनी उगाच घेतले नव्हते. विद्यार्थी मित्रहो, तुम्हांपैकी जे तेव्हा खालच्या वर्गांत होते त्यांना २०२२ चा ऑगस्ट महिना आठवत असेल. त्या महिन्याच्या ५ तारखेला बेळगाव शहरातील जाधवनगरात बिबट्या दिसला आणि बांधकामावरील एका मजुराला त्याने जखमी केले. पुढे तो गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला. भोवतालच्या बावीस शाळांना सुट्टी द्यावी लागली, आणि ती सुट्टी दिवसामागून दिवस लांबत गेली. वनखात्याने पिंजरे लावले, ठिकठिकाणी कॅमेरे बांधले, आकाशातून ड्रोन फिरविले. शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलु येथील छावणीतून माहुतांसह हत्ती आणले. शहराच्या मध्यावर तो एक प्रचंड हाकारा चालला होता. बिबट्या मधूनच कॅमेऱ्यात दिसे, एकदा रस्त्यावरही दिसला. परंतु हाती लागला नाही. शेवटी तो दिसेनासा झाला, तेव्हा आपल्या वाटेने रानात निघून गेला असे मानून शोध थांबविण्यात आला.

त्या दिवसांत चहाच्या प्रत्येक टपरीवर एक तरी तज्ज्ञ बसलेला असे. शेळी बांधा, मादीचा आवाज लावा, करडाचा आवाज लावा, असे सल्ले मुबलक होते. बिबट्याची साद करवतीने लाकूड कापावे तशी असते. ती ऐकून दुसरा बिबट्या कधी उत्तर देतो, कधी आपली हद्द सोडून मुकाट्याने निघून जातो. म्हणजे ज्या हाकेने तो पिंजऱ्यात यावा, तिनेच तो पलीकडच्या वस्तीत शिरावा, असेही होऊ शकते. भोवती दाट वस्ती, हजारो मुले, आणि मध्ये एक भेदरलेले जनावर. तेथे कोणती हाक मारावी आणि कोणती मारू नये, हे टपरीवर बसून ठरविण्याचे काम नव्हे. वनखात्याची त्या वेळी पुष्कळ थट्टा झाली. माझ्या मते ती अन्यायाची होती. माणूस मेला नाही, बिबट्याही मेला नाही. अशा प्रसंगाची यापेक्षा वाईट अखेर आपण इतरत्र पाहिलेली आहे.

प्राण्याला मारण्यावाचूनही हाक मारता येते, हे येथे सांगितले पाहिजे. कॅनडातील अल्गॉन्क्विन उद्यानात १९६३ सालापासून ऑगस्टच्या रात्री लोक जमतात. उद्यानाचे सेवक लांडग्यासारखे हुऽऽ करतात. दूर अंधारातून खरे लांडगे उत्तर देतात. लोक ते ऐकतात आणि घरी जातात. संशोधक याच रीतीने रानात लांडगे कोठे आहेत याचा अदमास घेतात. तेथेही मर्यादा आहेच. विणीच्या दिवसांत पक्ष्याला त्याचाच आवाज ऐकवून पुन्हा पुन्हा बाहेर बोलावले, तर तो घरटे सोडून नसलेल्या शत्रूशी भांडत बसतो. म्हणून चांगले पक्षिनिरीक्षक मोबाईल खिशात ठेवतात.

आता पुन्हा आमच्या रताळ्यांकडे येतो, कारण तो प्रश्न अजून सुटायचा होता. आफ्रिकेतील क्रूगर उद्यानात झालेल्या एका प्रयोगाची माहिती २०२३ साली प्रसिद्ध झाली. पाणवठ्यांवर स्वयंचलित भोंगे आणि कॅमेरे बांधले होते. एखादा प्राणी पाण्यावर आला, की भोंग्यातून कधी सिंहांची गुरगुर, कधी कुत्र्यांचे भुंकणे, कधी बंदुकीचे बार, तर कधी माणसांचे साधे, नेहमीच्या सुरातले बोलणे ऐकविले जाई. हरणे, जिराफ, हत्ती, गेंडे, असे एकोणीस जातींचे प्राणी त्यांनी पाहिले. सिंहाच्या आवाजाला जितके प्राणी पळाले, त्याच्या दुप्पट प्रमाणात ते माणसाच्या बोलण्याला पळाले. नुसते बोलणे! ना आरोळी, ना शिवी. जगातल्या सर्वांत भयंकर प्राण्याचा आवाज कोणता, हे त्या जिराफांना ठाऊक होते. दुकानदाराला ठाऊक नव्हते, म्हणून त्याने आम्हांला सिंह विकला.

मी हे घरी सांगितले तेव्हा दादा एकदम उठले. त्यांनी आप्पांना परड्यात नेले, मोबाईल पुढे धरला आणि म्हणाले, “माळ्यावरनं ओरडत होता तसं ओरडा.” आप्पा प्रथम लाजले. मग एकवार खाकरले, आणि ओरडले. मी कित्येक वर्षांनी तो आवाज ऐकत होतो. “हऽऽल्या! हो होऽऽ! कोण हाय रे तिकडं?” असे म्हणून ते थांबत, डबा दोनदा वाजवीत, आणि मग हलक्या आवाजात स्वतःशीच काही पुटपुटत. दादांनी ते पुटपुटणेही घेतले. अशा पाच-सहा निरनिराळ्या आरोळ्या घेऊन त्यांनी त्या मेमरी कार्डावर चढविल्या आणि सिंह, वाघ व हिंदी बोलणारा गृहस्थ यांना निरोप दिला.

या हंगामात भोंग्यातून आप्पा ओरडतात. डुकरे यालाही सरावतील. म्हणून दादांच्या आठवड्यातील दोन रात्री चालूच आहेत. पण अद्याप तरी कळप बांध ओलांडून फारसा आत आलेला नाही. शेजाऱ्यांच्या म्हशी स्वस्थ असतात, कारण त्या आवाजाची त्यांना जन्मापासून सवय आहे. शेत घरापासून फार लांब नाही. वारा त्या बाजूने असला, म्हणजे रात्री सोप्यात झोपलेल्या आप्पांना स्वतःची आरोळी ऐकू येते. परवा पहाटे मी पाणी प्यायला उठलो, तेव्हा ते अंथरुणावर उठून बसले होते आणि शेताकडे कान लावून होते.

“काय झालं आप्पा?”

“उशिरा ओरडलं ते,” ते म्हणाले. “उसातनं सळसळ झाली की लगेच ओरडायला पाहिजे. दादाला सांग.”


मी सकाळी दादांना सांगितले. त्यांनी दोन आरोळ्यांमधले अंतर कमी केले आहे. आप्पांना ते अजून पसंत नाही.